उरलेले एकाहत्तर टॉवेल

वाडी, ता. धारूर
अक्षय तृतीयेचा दुसरा दिवस

प्रिय सुग्रीव,

पत्राच्या सुरुवातीला अनेक आशीर्वाद लिहायचे असतात. ते लिहिलेत असं धर. परवा तुझा फोन आला तेव्हा मी धारा काढत होते, एका हातात चरवी आणि फोन खांद्यात दाबून धरलेला, त्यामुळं तू बोलत गेलास आणि मी हूं हूं करत राहिले. तसंही फोनवर तू मला बोलू कुठं देतोस. तू सांगितलंस की निबंधक साहेबांच्या कचेरीतून तुला नोटीस आली आहे, पुढच्या बुधवारी धारूरला सुनावणी आहे, वाडीतल्या कुण्या सभासदानं आपल्या संस्थेच्या कुरणाच्या भाडेपट्ट्याविरुद्ध तक्रार केली आहे, नोटिशीत नाव दिलेलं नाही, पण हे काम गहिनीनाथाशिवाय दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही. मग म्हणालास, आक्का, तू त्याला समजाव, तो तुझं ऐकतो, त्यानं अर्ज मागं घेतला की गोष्ट इथंच मिटेल. मी बघते म्हणाले आणि फोन ठेवला. आता बघितलं, आणि ते लिहिते आहे. मधून सोडून वाचू नकोस. चष्मा लाव, तुलाही लागलाय आता.

आधी इकडचं सांगते. टँकर चार दिवसांनी येतो, तोही वरच्या आळीला येईपर्यंत अर्धा झालेला असतो. धाकटी गाय नेकनूरच्या बाजारात घातली. गाभण होती, तरी आली तेवढ्या किमतीला दिली, कारण कडब्याची पेंढी परवडेना. राहिल्या दोन. त्यांना मी उसाचं वाढं घालते, तेही गेवराईकडून टेम्पोनं येतं आणि येईपर्यंत वाळतं. जनावरं तोंड फिरवतात. घरापासून पंधरा मिनिटांवर चौसष्ट एकर कुरण आहे, त्यात गेल्या पावसाळ्यातलं वाळलेलं पवन्या गवत अजून गुडघ्याएवढं उभं आहे, आणि मधी तुझ्या सौर विजेच्या कंपनीची तार आहे, तारेला फाटक, फाटकाला कुलूप. गवत कापूही देत नाहीत. वॉचमन म्हणतो, मावशी, माझ्या हातात न्हाई. तो बिचारा खरंच सांगतो, त्याच्या हातात काही नाही.

तुला बहात्तर साल आठवत नाही, तू चार वर्षांचा होतास. मी सोळाची. आई त्या वर्षी गेली आणि आपल्या वडलांनी अंथरूण धरलं, म्हणून खडीच्या कामावर मी जायचे आणि तुला बरोबर न्यायचे. तुझ्या डोक्यावर ओलं फडकं टाकून बाभळीखाली बसवायचे. दुपारी सुकडी मिळायची ती तू सगळी खायचास, माझी पण. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं आणि आजही हिशोब म्हणून सांगत नाही. त्या कामावरच राधाकिशन अण्णांनी सगळ्यांना एकदा बसवलं आणि म्हणाले, पुढचा दुष्काळ पडल तवा आपली जनावरं छावणीत न्यायची पाळी येऊ नये, आपल्याला आपलं गवत पाहिजे. माळावरची जमीन कुणी फुकट घेत नव्हतं. एकशे अठरा माणसांनी प्रत्येकी एका हप्त्याची मजुरी दिली आणि चौसष्ट एकर माळ घेतला. त्याची संस्था झाली. माझंही नाव त्यात आहे, आणि तुझ्या दाजींचंही. तेव्हा आमचं लग्न ठरलेलंसुद्धा नव्हतं. यादीत त्यांचं नाव वर होतं आणि माझं खूप खाली.

दाजींनी त्या माळावर किती चर खणले ते तू पाहिलंयस. उतारावर आडवे चर, एका पातळीत, हातानं. पाणी मुरायला लागलं आणि चौथ्या वर्षी गवत असं आलं की वासरू आत शिरलं तर दिसत नव्हतं. मग गायी आल्या, दूध आलं, केजवरून गाडी दूध न्यायला यायला लागली. मी फॅट मोजायला शिकले. त्याआधी दाजी सहा वर्षं ऊसतोडीला गेलते, दिवाळी झाली की टोळीबरोबर निघायचे ते उन्हाळा लागल्यावर परत यायचे, हातापायाला पाचटानं कापलेलं, पाठीला मोळीचा घट्टा पडलेला. कुरणाचं गवत यायला लागलं त्या वर्षी त्यांनी मुकादमाची उचल परत केली आणि कोयता माळ्यावर टाकून दिला. मला म्हणाले, सावित्रे, आता मी मेलो तरी उसाच्या फडात जाणार न्हाई. ते लई कमी बोलायचे, म्हणून त्यांचं बोललेलं ध्यानात राहिलं. त्याच दुधावर तू परभणीला कृषी कॉलेजात शिकलास. दर महिन्याला तुझ्या खोलीचं भाडं मी मनीऑर्डरनं पाठवायचे आणि पावतीच्या खाली लिहायचे, पोट भरून जेव.

आता हजेरीचं लिहिते, कारण सगळं तिथूनच बिघडलं. आश्रुबा विहिरीत दरड कोसळून गेला, ते संस्थेचं पहिलं मरण. त्यानंतरच्या सभेला राधाकिशन अण्णांनी सवयीनं यादी वाचली, त्यात आश्रुबाचंही नाव वाचलं गेलं. तेवढ्यात मागून त्याची बायको छबुबाई म्हणाली, हाय. अण्णांनी वर पाहिलं आणि पुढचं नाव वाचलं. त्या दिवसापासून रीतच पडली. जो गेला त्याच्या नावाला घरचं माणूस हाय म्हणायचं. नाव कमी करायचं नाही, वारसाचं चढवायचं नाही. बाहेरच्याला हसू येईल, पण आमच्या सभेत वर्षातून एकदा मेलेल्या माणसाचं नाव मोठ्यानं घेतलं जायचं आणि घरचं माणूस त्याला ओ द्यायचं, यात आम्हाला बरं वाटायचं. आणि खरं सांगायचं तर आळसही होता. वारस लावायचा म्हणजे धारूरच्या चकरा, भावाभावांची भांडणं, कागदाला कागद. गेलेलं माणूस यादीत राहिलं तर कुणाचं काय बिघडतं, असं आम्हाला वाटलं. आम्ही अडाणी नव्हतो रे, पण या बाबतीत मूर्ख होतो.

दाजी गेल्याला अकरा वर्षं झाली. अकरा वेळा मी सुंदरराव या नावाला हाय म्हणाले. ते नाव मी एरवी कधी तोंडानं घेत नाही, तुला ठावं आहे, पण सभेत दुसऱ्यानं घेतलं की मला ओ देता येते. गेल्या सभेत अकरावी वेळ. ती सभा भाद्रपदात झाली. पाऊस रुसलेला होता. तू पुण्याहून गाडी घेऊन आलास. पंधरा वर्षं आम्ही तुला बिनविरोध अध्यक्ष करतोय, कारण आमच्यात एकटा तूच कागद वाचणारा, आणि तू माझा भाऊ. हजेरी तू वाचलीस. छबुबाईनं ओ दिली, मी दिली, केशरबाईच्या सुनेनं दिली, सगळ्यांनी दिली. मग तू सांगितलंस की औंदा चाऱ्याची टंचाई होणार, चारा मिळण्यासाठी सरकारकडं अर्ज करायचा आहे, त्याला सगळ्यांची संमती पाहिजे. हात वर करा. आम्ही केले. सह्या अंगठे झाले. वरती काय लिहिलंय ते कुणी वाचलं नाही, मी पण नाही, माझ्याजवळ चष्मा असूनसुद्धा. भावानं पुढं केलेला कागद बहिणीनं कशाला वाचावा? नंतर तू सगळ्यांना भजी खाऊ घातलीस आणि संध्याकाळच्या आत परत गेलास.

माघ महिन्यात तू फोन केलास की कंपनीचे पाहुणे येणार आहेत, जपानहून एक बाई पण येणार आहेत, सौर प्रकल्पाची नुसती पाहणी आहे, घर सारवून ठेव. मी विचारलं, कसली पाहणी, तर म्हणालास, अजून कशात काही नाही, आक्का. पाहुणे आले तेव्हा मंडप पाहून मला आश्चर्यच वाटलं. पुढच्या चार रांगांत तरणीताठी पोरं बसलेली, इस्तरीचे शर्ट घातलेली, आणि एकाचंही तोंड ओळखीचं नाही. गहिनीनाथानं त्यातल्या एकाला विचारलं, अरं, तू कुणाचा? तर तो म्हणाला मांजरसुंब्याहून आलोय, धाब्यावर कामाला आहे, दिवसाचे पाचशे आणि जेवण सांगितलंय. गहिनीनाथ लई वेळ हसत होता. मी पण हसले. तेव्हा मला वाटलं तू पाहुण्यांसमोर वाडीची शान राखतोयस.

त्या जपानच्या बाई माझ्या घरी चहाला आल्या, तूच पाठवलंस. नाव सांगितलं होतं, माझ्या लक्षात राहिलं नाही. माझ्याच वयाच्या असतील, पण मांडी घालून सरळ बसल्या. बरोबर पुण्याची एक मुलगी होती, जपानी बोलणारी. मी तिला विचारलं, बाई, या एवढ्या लांबून आमच्या माळावर कशाला पैसा घालताय, तुमच्याकडं ऊन पडत नाही का? मग त्यांनी निवांत सांगितलं. त्यांच्या गावात शाळा बंद पडली आणि त्या इमारतीत म्हाताऱ्यांची सोय केली. पोरं होतच नाहीत. लोकांनी जन्मभर कारखान्यात राबून म्हातारपणासाठी पैसे साठवले, ते सगळे एका मोठ्या फंडात आहेत. पण तिथं आता नवं घर बांधणारं कुणी नाही, दुकान टाकणारं नाही, कर्ज मागणारं नाही. पैसा नुसता पडून राहतो, वाढत नाही. आणि माणसं नव्वद नव्वद वर्षं जगतात, त्यांना दर महिन्याला पेन्शन द्यावीच लागते. म्हणून तो पैसा काम शोधायला बाहेर निघतो. जिथं तरुण माणसं लई, जिथं वीज लागते, रस्ते लागतात, अशा देशात जातो, तिथं कमावतो आणि वरचा नफा घरी म्हाताऱ्यांना धाडतो. मी म्हणाले, मग हे आमच्या ऊसतोडीसारखंच झालं, गावात काम नाही म्हणून माणूस परमुलखात जातो आणि घरी पैसे पाठवतो. त्या मुलीनं ते जपानीत सांगितलं. बाई हसल्या आणि वहीत लिहून घेतलं.

मग त्यांनी मला विचारलं की या गावात मुलं किती आहेत. त्यांच्या कागदात म्हणे लिहिलं होतं की भारतात निम्मी माणसं तिशीच्या आतली आहेत. आपली शाळा सात पोरांवर आली आहे. पोरं पुण्यात आहेत, चाकणला आहेत, उरलेली फडात आहेत. मंडपातली तेवढी तरणी पोरं दिसतात ती भाड्याची आहेत, असं मी कसं सांगणार, तुझी लाज गेली असती. मी म्हणाले, आहेत, बरीच आहेत. एका परक्या बाईशी मी माझ्या घरात बसून खोटं बोलले, आणि तेही तुझ्यासाठी. देश तरुण म्हणून त्यांचा पैसा निघाला, आणि पोचला तो आपल्या म्हाताऱ्यांच्या वाडीत. तिकडंही म्हातारे, इकडंही म्हातारे, मधल्यामध्ये तू तेवढा तरुण.

त्यानंतर टॉवेल वाटायचा कार्यक्रम झाला. तू त्या बाईंना अडवायला पाहत होतास हे मला तेव्हा दिसलं पण कळलं नाही. त्यांनी तिकडून येताना प्रत्येक सभासदासाठी एक छोटा टॉवेल आणला होता, निळ्या रेघांचा, कागदात गुंडाळलेला. ज्यांनी आपली जमीन द्यायला संमती दिली त्या प्रत्येकाच्या हातात मी स्वतः देणार, असं त्या म्हणाल्या. जमिनीची संमती, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पुण्याच्या मुलीनं यादी वाचायला घेतली. ठराव क्रमांक सहा, कुरणाची जमीन एकोणतीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं देणे, हजर एकशे अठरा, अनुकूल एकशे अठरा. मग नावं. राधाकिशन, आश्रुबा, आप्पाराव. छबुबाईनं बसल्या जागी हाय म्हटलं, पंचेचाळीस वर्षांची सवय तिची. त्या बाई टॉवेल दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या, आश्रुबा कुठं आहे म्हणून सगळीकडं पाहत. मग सुंदरराव हे नाव आलं. माझ्या तोंडून काही निघालं नाही.

सत्तेचाळीस टॉवेल वाटले गेले. एकाहत्तर टेबलावर राहिले. बाईंनी विचारलं, बाकीचे सभासद कुठं आहेत. त्या मुलीनं ते तुला मराठीत विचारलं, माइक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं. आणि तू जराही न अडखळता म्हणालास, ते सगळे ऊसतोडीला गेलेत, सीझन चालू आहे. बाईंनी मान डोलावली. मघाशीच मी त्यांना ऊसतोडीचं सांगितलेलं होतं ना, त्यांना लगेच पटलं. एकाहत्तर टॉवेल त्यांनी तुझ्या हवाली केले, ते आले की द्या म्हणून.

सुग्रीव, मी तुझ्यापासून चार हातांवर बसले होते. ज्या माणसानं तुला खांद्यावर बसवून धारूरचा किल्ला दाखवला, तुझ्या लग्नात तुझ्या सासरच्यांसमोर पागोटं काढून उभा राहिला, त्याला तू मेल्यावर अकरा वर्षांनी परत फडात पाठवलंस. मला जमीन गेल्याचं नंतर कळलं, बाकी सगळं नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच ऐकू आलं. वाटलं, उठावं आणि तुझ्या तोंडात द्यावी. उठले नाही. पाहुणे होते. तुला केसानं गळा कापता येतो हे मला माहीत नव्हतं आणि तो माझाच निघावा हे तर स्वप्नातही नव्हतं.

रात्री तू फोन केलास आणि सगळं गोड करून सांगितलंस. ते मी विसरले नाही, आणि त्यात खोट नव्हती हेही मान्य करते. तू म्हणालास, आक्का, वाडीत सगळे साठीच्या पुढचे, दहा वर्षांनी धार काढायला कुणाचे हात चालणार आहेत? कुणाची पोरं परत येणार आहेत? दर वर्षी घरटी भाडं येईल, ती आपल्या लोकांची पेन्शनच समज. तिकडच्या म्हाताऱ्यांनाही मिळते, इकडच्यांनाही मिळेल. बरोबर आहे बाबा. माझे गुडघे मलाच माहीत. गहिनीनाथाला बादली उचलत नाही. छबुबाईला तर दिसतही नाही नीट. तू सभेत उभा राहून हे एवढंच बोलला असतास, आणि म्हणाला असतास की अर्धं कुरण देऊ, अर्धं गवताला ठेवू, तर मला वाटतं आम्ही हो म्हणालो असतो. भांडलो असतो, दोन दिवस लागले असते, पण हो म्हणालो असतो. निदान सत्तेचाळीसातले तीसजण तरी. तेवढ्यानं भागत नव्हतं का तुझं? की विचारायचीच लाज वाटली? की आम्ही विचारण्याच्या लायकीचे राहिलो नाही? हे मला अजून समजत नाही. एवढं शिकवलं तुला, ते आम्हाला विचारावं लागू नये म्हणून का?

दोन महिने मी गप्प बसले. मनाला सांगत राहिले की आपलंच पोर आहे, भाऊ नव्हे पोरच, त्याच्या मनात वाईट नसेल. फाल्गुनात तार आली तरी गप्प. धाकटी गाय विकली तरी गप्प. लोक माझ्याकडं येऊन बसायचे आणि तुझं नाव न घेता उठून जायचे. माझ्या तोंडावर कुणी एक शब्द बोललं नाही, हे त्यांचं मोठेपण. एकट्या गहिनीनाथानं विचारलं, वहिनी, तुमाला आदी ठावं होतं का? मी नाही म्हणाले. त्यानं मान हलवली, पण त्याला पटलं की नाही ते मला आजही सांगता येणार नाही. बावन्न वर्षांत या वाडीत माझ्या शब्दावर कुणी शंका घेतली नव्हती.

परवा तुझ्या फोननंतर मी गहिनीनाथाकडं गेले. तो ओसरीवर बसून होता, जेवलेला नव्हता. त्याचा धर्मराज चाकणहून रडत बोलला होता त्याच्याशी. त्याला तूच तुझ्या कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लावलंस, आणि आता त्याला तूच सांगितलंस की बापानं अर्ज मागं घेतला नाही तर सोमवारपासून येऊ नकोस. धर्मराजाला दोन मुली आहेत, घराचा हप्ता आहे. गहिनीनाथ माझ्या पाया पडायला वाकला, चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. म्हणाला, वहिनी, आईशप्पथ मी कसला अर्ज केला न्हाई, मला लिहायला कुठं येतंय, तुमी सुग्रीवला सांगा. मी त्याला धरून उठवलं. म्हणाले, सांगते.

म्हणून हे पत्र. गहिनीनाथानं तक्रार केलेली नाही, मी केली आहे. अर्ज माझ्या हातचा आहे, धारूरला जाऊन मीच दिला, आणि पोच घेतली. तुझं नाव त्यात लिहिलं आहे आणि खाली माझंही, की नवरा मेलेला असताना त्याच्या नावाला मी अकरा वर्षं खोटी ओ दिली आणि त्या ओ वर हा ठराव उभा आहे. धारूरच्या एका वकिलांना तो दाखवला होता, ते म्हणाले, यात फौजदारी होऊ शकते, तुमच्या भावावर आणि तुमच्यावरही. मी म्हणाले, होऊ द्या. अर्जाला दाजींचा मृत्यूचा दाखला जोडलाय. इतकी वर्षं तो काढलाच नव्हता, कशाला लागलाच नाही. ग्रामपंचायतीतून तो हातात घेतला तेव्हा मी तिथंच बाकावर बसले आणि तो अक्षर न् अक्षर वाचला. बुधवारी साहेब मला विचारतील की अध्यक्ष तुमचे कोण लागतात, आणि मी सांगेन, माझा भाऊ, मी वाढवलेला. तुझ्यासाठी मी त्या जपानच्या बाईशी एकदा खोटं बोलले, आता बोलणार नाही. धर्मराजाला आजच फोन कर आणि कामावर ये म्हण. ते लेकरू यात नाही, त्याचा बापही नाही. भांडायचं ते माझ्याशी भांड. बुधवारी अकरा वाजता मी धारूरला असेन.

तुझ्याविरुद्ध सही केलेली, तरी तुझीच,
आक्का